बिअर माणूस बनवत नाही

घरी बिअर बनवणारा माणूस खरं तर जवाचं गोड पाणी तेवढं बनवतो. त्या पाण्याची बिअर करतं यीस्ट. आणि पाण्यातली गोडी? तीही त्याच्या हातची नाही.

मोड आणून वाळवलेला जव म्हणजे माल्ट. मोड फुटताना कोंबाला साखर मिळावी म्हणून दाण्यात अमायलेज नावाची विकरं तयार होतात. दाणा वाळला की ती स्वस्थ बसतात. भरडलेलं माल्ट ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा, ती पुन्हा कामाला लागतात आणि स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज ही साखर करतात. हे डोळ्यांनी पाहताही येतं. सुरुवातीला त्यातला थेंब पांढऱ्या बशीत घेऊन वर आयोडीन टाकलं तर निळाकाळा डाग पडतो, शाळेत बटाट्यावर पडायचा तसाच. तासाभराने तोच प्रयोग करा, आयोडीन तांबूसच राहतं. स्टार्च संपला! तापमान चार-पाच अंश वर गेलं, तर यीस्टला न पचणाऱ्या शर्करा जास्त उरतात आणि बिअर दाट लागते.

नवशिके ही पायरी टाळून बाजारातला तयार माल्ट अर्क वापरतात. सोय होते, पण माझ्या मते सगळ्यात गमतीचा तास हुकतो.

मग पाणी गाळून, हॉप्स या वेलीची फुलं घालून तासभर उकळायचं. हॉप्समधल्या आम्लांची रचना उष्णतेने बदलते, तेव्हा कुठे कडूपणा पाण्यात उतरतो.

आता पाणी झटपट २० अंशांपर्यंत निववून चांगलं घुसळायचं, कारण यीस्टला वाढायला आधी प्राणवायू लागतो. मग यीस्ट घालून झाकण लावायचं. यीस्ट कामाला लागल्यावर मात्र तोच प्राणवायू बिअर नासवतो. उकळल्यानंतर पाण्याला लागणारं प्रत्येक भांडं, नळी, चमचा निर्जंतुकच हवा. दुसऱ्या दिवशीपर्यंत वर फेस चढतो आणि झाकणावरच्या नळीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघू लागतात. गंमत म्हणजे बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्याने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढंच ठरवून दिलं. यीस्टचं नावच नाही!

मद्यार्क मोजायला हायड्रोमीटर पुरतो. आंबवण्यापूर्वी १.०५० आणि नंतर १.०१० अशी घनता आली, तर फरकाला १३१ ने गुणायचं : साधारण सव्वापाच टक्के. बाटल्या भरताना थोडी साखर घालतात. उरलेलं यीस्ट ती खाऊन बाटलीतच वायू करतं. साखर जास्त झाली की बाटली फुटते.

अमेरिकेत हा छंद केंद्रीय कायद्याने मोकळा झाला तो राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली केलेल्या सहीमुळे. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, करमुक्त! महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. पण विकरांची करामत पाहायला परवाना लागत नाही. तांदळाची दाट पेज ६० अंशांपर्यंत निवू द्या, मोड आणून वाळवलेल्या, पण न भाजलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ त्यात ढवळा आणि थोड्याच वेळात पेज कशी पातळ होते ते बघा.