जुनी पद्मिनी ट्रकवर चढवताना
मुंबईची प्रीमियर पद्मिनी दिल्लीला न्यायची, तर सुमारे १४०० किलोमीटरचा रस्ता तिने ट्रकवरूनच कापलेला बरा. आधी गाडी धुवा. धुळीखालचे ओरखडे दिसल्याशिवाय नोंदीसाठी फोटो काढण्यात अर्थ नाही. टाकीत पेट्रोल पाव भागाहून कमी ठेवा, बॅटरीची वायर काढा, व्हीलकॅप उतरवून ठेवा. उघड्या ट्रकवर कव्हर घालण्याचा मोह मात्र टाळाच. वाऱ्यावर फडफडणारं कापड धुळीसकट रंगावर घासत राहतं आणि पॉलिश पेपर मारल्यासारखी दशा होते. बंद कंटेनर महाग, पण मूळ रंग टिकवायचा तर तोच घ्यावा. गाडी आवळायचे पट्टे चाकांनाच बांधायला लावा. हमाल कितीही घाईत असोत, क्रोमच्या बंपरला हात लावू देऊ नका. निघताना ओरखड्यांची नोंद पावतीवर करून चालकाची सही अवश्य घ्या.