विंडशील्ड वॉशर टाकी

विंडशील्ड वॉशर टाकी ही मोटारवाहनाच्या समोरील काचेवर फवारण्यासाठी लागणारे पाणी किंवा धुण्याचे द्रावण साठवणारी प्लॅस्टिकची टाकी होय. नटाखाली बसवल्या जाणाऱ्या चकतीलाही 'वॉशर' म्हणतात. तिचा या टाकीशी संबंध नाही. वायपर काच पुसतो, पण वाळलेला चिखल आणि धूळ सुटण्यासाठी आधी ओलावा लागतो. कोरड्या धुळीवर वायपर फिरवल्यास मातीचा पातळ थर काचेवर पसरतो आणि सूर्य समोर असेल तर चालकाला काही क्षण जवळजवळ काहीच दिसत नाही. धुळीतील कणांमुळे काचेवर कायमचे ओरखडेही पडतात. जीपसारख्या ऑफ-रोड वाहनांत हा प्रसंग रोजचा असतो आणि नेमक्या याच वाहनांत, ती जुनी झाल्यावर, ही टाकी निकामी झालेली आढळते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी या जीपमध्ये अशी टाकी नव्हती. सुरुवातीच्या जीपमध्ये वायपरसुद्धा हाताने फिरवावा लागे. पुढे काच धुण्याची सोय कायद्याने आवश्यक ठरली. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १०४ मध्ये वायपरबरोबर काच धुण्याच्या यंत्रणेचाही समावेश आहे. युरोपीय आर्थिक समुदायाच्या १९७८ च्या निर्देशानुसार टाकीची धारणक्षमता किमान १ लिटर असावी लागे. प्रत्यक्षात बहुतेक वाहनांतील टाक्या यापेक्षा मोठ्या असतात.

रचना व कार्य

टाकी सहसा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असते. ती बोनेटखाली आतील मडगार्डला किंवा इंजिनामागील पत्र्याला स्क्रूने बसवलेली असते. काही वाहनांत ती चाकावरील पोकळीत दडलेली असते. टाकीच्या तळाजवळ १२ व्होल्टचा छोटा विद्युत पंप असतो. पंप आणि टाकी यांच्यामध्ये ग्रोमेट नावाचे रबरी कडे असते. ते पंपाला धरून ठेवते आणि गळतीही थांबवते. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तेथून रबरी किंवा प्लॅस्टिकची नळी काचेखालील फवारणी-छिद्रांपर्यंत जाते. नळीतील पाणी मागे उतरू नये म्हणून पुष्कळदा वाटेत एकदिशा झडप बसवतात.

मागील दरवाजालाही वायपर असलेल्या वाहनांत एकाच टाकीवर दोन पंप असू शकतात. काही उत्पादक त्याऐवजी दोन तोंडांचा एकच पंप वापरतात. तो एका दिशेने फिरला की पुढील काचेवर आणि उलट फिरला की मागील काचेवर पाणी जाते. अशा पंपाच्या तारा उलट जोडल्या गेल्यास पुढचे बटण दाबल्यावर मागची काच धुतली जाते.

बिघाड आणि निदान

इंजिनाची उष्णता, सततचे हादरे आणि वय यांमुळे प्लॅस्टिक ठिसूळ होते. तडे बहुधा स्क्रूच्या कानांपाशी आणि जोडरेषेवर पडतात, कारण भरलेल्या टाकीचे वजन खडबडीत रस्त्यावर तेथेच झटके देते. तीन लिटर पाणी म्हणजे सुमारे तीन किलो वजन असते. अतिथंड प्रदेशात याहून साधे कारण पुरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि टाकी किंवा पंप फुटतो. महाराष्ट्रात साधे पाणी भरलेली गाडी हिवाळ्यात लडाखला नेल्यास हेच घडू शकते.

गळती म्हणजे टाकीच फुटली, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात कडक झालेले ग्रोमेट किंवा सुटलेली नळी हे दोष अधिक वेळा सापडतात आणि ते अल्प खर्चात दुरुस्त होतात. त्यामुळे टाकी उतरवण्यापूर्वी निदान करणे इष्ट ठरते. टाकी काठोकाठ भरून काही तास ठेवल्यास पाणी ज्या पातळीवर थांबते, त्याच उंचीवर भेग असते. पाणी ग्रोमेटच्या उंचीपर्यंत उतरून थांबले, तर संशय टाकीवर नव्हे, ग्रोमेटवर घ्यावा. बटण दाबल्यावर पंपाचा आवाज येतो पण पाणी येत नाही, तेव्हा अडथळा जाळीत, नळीत किंवा छिद्रात असतो. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज, मग जोडणी आणि शेवटी पंप तपासतात. काचेची चौकट पुढे पाडता येणाऱ्या जीपमध्ये नळी बिजागरीपाशी चिमटली गेली नाही ना, हेही पाहावे लागते.

टाकीला पडलेली भेग चिकटवण्याचे प्रयत्न क्वचितच टिकतात. पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागाला नेहमीचे गोंद आणि इपॉक्सी नीट धरत नाहीत. त्याच जातीचे प्लॅस्टिक तापवून केलेली जोडणी त्यामानाने बरी असते, पण आजूबाजूचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असल्यास नवा तडा शेजारीच जातो. भंगारातून आणलेल्या टाकीबाबतही हीच अडचण असते, कारण तिचे वय मूळ टाकीइतकेच असते.

टाकी बदलणे

इंजिन थंड असताना बॅटरीची ऋण तार काढून कामास सुरुवात करतात. पंपावरील नळी सोडून टाकीतील पाणी भांड्यात काढून घेतात. दोन नळ्या असल्यास कोणती पुढची आणि कोणती मागची, याची खूण आधीच करणे आवश्यक असते. जुन्या वाहनात विद्युत जोडणीची प्लॅस्टिक खिटी आणि नळीची टोके ही सर्वांत नाजूक असतात. घट्ट बसलेली नळी ओढण्याऐवजी तिचे कडक टोक कापून टाकणे सोयीचे पडते, मात्र त्यासाठी नळीला पुरेशी लांबी शिल्लक हवी. गंजलेल्या स्क्रूंवर गंज सैल करणारे तेल सोडून काही वेळ थांबावे लागते. जोर केल्यास स्क्रूचे डोके तुटते किंवा मडगार्डच्या पत्र्यातील आटे जातात. काही वाहनांत टाकीपर्यंत पोहोचण्यासाठी बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबाही उतरवावा लागतो.

जुना पंप चालू स्थितीत असेल तर तो हलकेच फिरवत बाहेर काढून, जाळी धुऊन, नव्या टाकीत वापरता येतो. ग्रोमेट मात्र नवेच घालतात. ते बसवताना साबणाचे पाणी लावतात. खनिज ग्रीस लावल्यास अनेक प्रकारचे रबर फुगते. यानंतरची एक पायरी घाईत वगळली जाते. टाकी गाडीत बसवण्याआधी तिच्यात पाणी भरून ती कोरड्या कागदावर ठेवली, तर गळती तेव्हाच कळते आणि सर्व जोडकाम पुन्हा उकलावे लागत नाही.

स्क्रू आवळताना टाकी हलणार नाही इतपतच ताण देतात, कारण जादा आवळल्याने नव्या टाकीचे कानही तडकतात. एकदिशा झडपेवरील बाण छिद्रांच्या दिशेने असावा लागतो. कोरड्या अवस्थेत पंप फार वेळ चालवल्यास तो जळू शकतो, म्हणून चाचणी टाकी भरल्यावरच घेतात. मूळ आकाराची टाकी मिळत नसल्यास सर्वसाधारण टाकी बसवता येते. ती एक्झॉस्टच्या उष्णतेपासून आणि पंख्यापासून दूर असावी.

टाकीतील द्रव

बाजारातील द्रावणांत पाणी, मळ सोडवणारे रसायन आणि बहुधा अल्कोहोल असते. थंड प्रदेशांत गोठणबिंदू खाली आणण्यासाठी मेथॅनॉल वापरले जाई. ते विषारी असल्याने युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाद्वारे सर्वसामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रावणांतील त्याच्या प्रमाणावर मर्यादा घातली. भांडी घासण्याचा साबण फेस करतो आणि काचेवर थर सोडतो. बोअरवेलचे जड पाणी वारंवार वापरल्यास फवारणी-छिद्रांत क्षार साचतात. ते बारीक टाचणीने मोकळे करतात.

रेडिएटरच्या कूलंटची टाकीही जवळपास अशीच दिसते आणि दोहोंची अदलाबदल होऊ शकते. कूलंट काचेवर फवारले गेल्यास तेलकट पडदा तयार होतो. म्हणून झाकणावरील काच व फवाऱ्याचे चिन्ह पाहूनच टाकी भरावी.

साचलेल्या पाण्याचा आरोग्याशीही संबंध आहे. इंग्लंड आणि वेल्समधील रुग्णांवर आधारित, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिजिओनेअर हा फुप्फुसाचा आजार आणि वॉशरच्या पाण्यात द्रावण न मिसळणे यांचा संबंध आढळला. सोबतच्या छोट्या चाचणीत द्रावण नसलेल्या दर पाचांपैकी सुमारे एका मोटारीत लिजिओनेला जिवाणूंचे अंश मिळाले. द्रावण असलेल्या मोटारींत ते मिळाले नाहीत.