कठीण प्रश्न कसा घडतो? प्राश्निकाच्या मदतीस लहान भाषा-प्रतिमान

सोपा प्रश्न कोणीही काढू शकतो. अवघड शब्द योजून विद्यार्थ्याला गोंधळात टाकणेही कठीण नाही. परंतु ज्याने विषय खरोखर समजून घेतला आहे त्यालाच सुटेल, असा प्रश्न तयार करणे हे प्राश्निकाच्या कसोटीचे काम होय. या कामी संगणकावरील भाषा-प्रतिमानाचे साहाय्य कितपत घेता येईल, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

भाषा-प्रतिमान म्हणजे विपुल लेखी मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असावा, हे शिकलेली संगणकीय रचना. अतिविशाल प्रतिमानांना मोठी यंत्रसामग्री लागते. काही अब्ज घटकांचे लहान प्रतिमान मात्र एका चांगल्या संगणकावर चालू शकते. प्रश्न कार्यालयाबाहेर पाठवावे लागत नसल्याने गोपनीयतेच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

निवडक नमुने दाखवून प्रतिमानाला विशिष्ट कामासाठी पुन्हा घडविणे, यास ‘फाइन-ट्यूनिंग’ म्हणतात. २०२१ साली मांडण्यात आलेल्या ‘लोरा’ पद्धतीत मूळ प्रतिमान आहे तसेच ठेवून त्यास जोडलेल्या अल्पशा घटकांनाच शिकविले जाते. त्यामुळे खर्चात मोठी बचत होते.

नमुना कसा असावा?

‘समुद्रसपाटीवर पाणी किती तापमानाला उकळते?’ हा पाठांतराचा प्रश्न झाला. ‘महाबळेश्वरला उघड्या भांड्यात डाळ शिजण्यास मुंबईपेक्षा अधिक वेळ का लागतो?’ या प्रश्नात उंची, हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांची सांगड घालावी लागते. सुमारे १,३५० मीटर उंचीवर पाणी ९५ ते ९६ अंश सेल्सिअसलाच उकळते. असे नमुने, त्यांची उत्तरे, उत्तरापर्यंतच्या पायऱ्या आणि चुकीचे पण पटण्यासारखे पर्याय प्रतिमानाला द्यावे लागतात.

येथेच सावधगिरी हवी. ‘थंड हवेमुळे पाणी उशिरा उकळते’ हा पर्याय प्रतिमानाने चुकीचा म्हणून दिला, तर तो सर्वस्वी चुकीचा नाही. विचार करणारा विद्यार्थी तोच निवडील आणि गुण गमावील. ‘पाणी उकळू लागल्यानंतर’ एवढे शब्द प्रश्नात घातले, की तो निर्दोष होतो. हे शब्द घालण्यासाठी जाणता शिक्षकच लागतो.

काठिण्याचे मोजमाप

अमेरिकेतील ॲलन संस्थेने २०१८ साली शालेय विज्ञानाचे ७,७८७ प्रश्न संकलित केले. दोन साध्या संगणकीय पद्धतींना जे सोडविता आले नाहीत, असे २,५९० प्रश्न ‘आव्हानात्मक’ म्हणून वेगळे काढण्यात आले. मात्र यंत्राला जे कठीण, ते विद्यार्थ्याला कठीण असतेच असे नाही. शंभरांपैकी तीसच विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर आले, तर प्रश्न कठीण खरा. पण हुशार विद्यार्थीही त्यात दुबळ्यांइतकेच चुकत असतील, तर दोष प्रश्नाचा समजावा. म्हणून प्रतिमानाने काढलेला प्रत्येक प्रश्न आधी शिक्षकांनी तपासावा आणि नंतर विद्यार्थ्यांच्या लहान गटावर त्याची चाचणी घ्यावी.

एका सदोष प्रश्नाने गेलेला एक गुण एखाद्या होतकरू मुलाचा प्रवेश हिरावून घेऊ शकतो. प्रतिमान शेकडो कच्चे प्रश्न झटपट पुढे ठेवील. त्यांतील योग्य ते निवडण्याची आणि त्यांच्या अचूकतेची जबाबदारी मात्र प्राश्निकाचीच राहील.