व्यसनाचा साज

तंबाखू उत्तरेच्या दरबारात गेली ती नटूनच गेली. मोगलांचा वकील म्हणून विजापूरला आलेला असद बेग १६०४ च्या सुमारास परतला, तेव्हा त्याने अकबरासाठी तंबाखू तर नेलीच, पण ती ओढण्यासाठी एक रत्नजडित नळीही मुद्दाम सिद्ध करून नेली. हकिमांनी शंका काढल्या. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, पण पुढे सवय लावून घेतली नाही. उमरावांनी मात्र ती नळी उचलली. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूला बंदी केली. त्या बंदीचे काय झाले, ते साऱ्या देशास ठाऊक आहे. पदार्थाच्या गुणदोषांचा विचार होण्यापूर्वीच त्याचे पात्र डोळ्यांत भरावे, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके. एकीकडे घोडनदी, दुसरीकडे भीमा. मधोमध ऊस, रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखाने आणि दौंडचे रेल्वे जंक्शन. या मुलखात धूम्रपानापेक्षा तंबाखू मळण्याचीच चाल अधिक. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. साहजिकच येथला साज हुक्क्याचा नव्हे, तर चंचीचा आणि डबीचा. जुन्या शेतकऱ्याच्या कमरेची चंची बाजारातून क्वचितच येई. खणाच्या किंवा लुगड्याच्या उरलेल्या तुकड्यांतून घरची बाई ती शिवी. पान, सुपारी, कात, तंबाखू यांना निरनिराळे कप्पे, काठाला रंगीत दोरा, बांधायच्या नाडीला गोंडा. बैलाच्या झुलीला जो गोंडा, तोच चंचीला. चुन्याची पितळी डबी साखळीने अडकवलेली असे. अडकित्त्यांची तर गोष्टच वेगळी: पोपट, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या अशा नाना आकारांचे अडकित्ते पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि पाहणारा सुपारी विसरून कारागिरीतच रमतो.

आता चंची मागे पडली आणि दुतोंडी डबी आली. एका बाजूस तंबाखू, दुसऱ्या बाजूस चुना. पण ती हाती आली की तिला आपली करून घेण्याची ओढ तीच. भांड्यावर घालतात तसे तिच्यावर नाव घालून घेतात. कुणी देवाचे चित्र चिकटवतो, कुणी शर्यतीच्या बैलाचे. हा निरुपद्रवी हौसेचा प्रकार वाटतो. परंतु त्याचा एक परिणाम फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असावा, असा नियम १ एप्रिल २०१६ पासून लागू झाला. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्येच सिगारेटच्या पाकिटावरील रंग आणि बोधचिन्हे काढून टाकली होती. सजावट माणसाला ओढून घेते, हे ओळखूनच सरकारांनी वेष्टन विद्रूप केले. पुडी फोडून तंबाखू डबीत ओतली की ते विद्रूप चित्र टपरीपाशीच कचऱ्यात पडते, आणि दिवसभर खिशातून निघते ती देवाच्या चित्राची, स्वतःच्या नावाची डबी. सरकारने वेष्टनावर जे कमावले, ते डबीने असे निमूटपणे घालवले.

विजेवर चालणारी सिगारेट ही याच परंपरेतील नवी वस्तू होय. चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये तिचे आजचे रूप सिद्ध केले. एक बॅटरी, तारेचे एक वेटोळे, त्यात कापसाची वात, आणि ग्लिसरीनसारख्या द्रवात मिसळलेले निकोटीन व सुगंध. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. ही वाफ म्हणजे पाण्याची वाफ, असा समज आहे; तो चुकीचा आहे. परदेशात या यंत्राभोवती घरगुती कारागिरीचा एक मोठा छंद उभा राहिला. वरचे कवच बदलणे, त्यावर रंगीत पापुद्रे चिकटवणे, लाकूड कोरून नवी पेटी करणे, आणि पुढे पुढे आतले वेटोळेही हाताने वळणे. पेन, संगणकाला जोडायची स्मृतिकांडी, लिपस्टिक अशी रूपे तिला कारखान्यांनीच दिली होती. घरच्या सजावटीने उरलीसुरली ओळखही पुसली. दप्तर तपासणाऱ्या शिक्षकाच्या हाती ती आली, तरी ती काय आहे हे त्याला कळेलच असे नाही.

वेटोळे वळण्यातला धोका शिरूर-दौंडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. ज्या मुलखात विहिरीवरची मोटार जळाली की हंगाम अडतो, तेथे वाइंडिंग करणारा कारागीर गावोगाव माहीत असतो. फेरे कमी पडले किंवा तारेची जाडी चुकली, तर विजेचा प्रवाह बेसुमार वाढतो आणि मोटार धूर सोडते, हे शाळा सोडलेला पोरगाही जाणतो. नळीतही नियम तोच. फरक इतकाच की येथे तापणारी वस्तू ओठांपासून चार बोटांवर असते आणि खाली लिथियमची बॅटरी असते. ती भडकली की केवळ धुरावर निभावत नाही. बॅटरीचे वरचे पातळ आवरण फाटलेले असले, किंवा हवेसाठी ठेवलेली छिद्रे सजावटीच्या चिकटपट्टीखाली बुजली, तर ही भीती अधिकच. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशी नळी फुटून एका माणसाचा मृत्यू झाला. तिच्या आत घालायचे मिश्रण घरी किंवा चोरबाजारात तयार करणे तर त्याहून घातक. २०१९-२० मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या एका विकाराने २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले अथवा दगावले, त्यांतील मृत ६८. त्यातील बहुतेकांनी गांजाच्या अर्काची नळी ओढली होती, आणि तिच्यातील जीवनसत्त्व ई च्या एका संयुगाकडे तज्ज्ञांनी बोट दाखविले.

भारताने हा सारा व्यवहारच बंद केला. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संमत झालेल्या कायद्याने या सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात निषिद्ध ठरली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठ्यासाठी शिक्षा याहून कमी आहे. नाव, आकार, रूप कोणतेही असले तरी वस्तू तीच, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे. म्हणजे सजावटीचा बचाव आधीच काढून घेतला आहे. नुसते ओढणाऱ्यास मात्र या कायद्याने वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. येथेच तरुणाची फसगत संभवते. आपण विकत नाही, फक्त ओढतो, असे समजून तो निर्धास्त असतो. परंतु सिगारेटची किंवा तिच्या कोणत्याही भागाची नुसती जोडणीही कायद्याने उत्पादनात धरली आहे. मागवलेले सुटे भाग खोलीत बसून जोडणारा आणि वेटोळे वळणारा मुलगा स्वतःला हौशी कारागीर समजत असेल. कायद्याच्या भाषेत तो उत्पादक ठरू शकतो. गंमत अशी की हाच मुलगा बापाच्या खिशातली तंबाखू रोज पाहतो, आणि तिला परवाना आहे. त्याने या विसंगतीवर प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

प्रश्न विचारणारा मुलगा घरातच पाहून शिकलेला असतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा नियम आहे. घराला असे कुंपण नाही. चुलीवरच्या तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करण्याचा वास अनेक घरांत अजून येतो, आणि ती ज्या डबीत भरली जाते ती नक्षीची असते, कधी माहेरून आलेलीही असते. त्या डबीवर कोणतेही इशाऱ्याचे चित्र नाही. पुडी दुकानातून घरी आल्यावर तिच्यावरचे चित्र पोरांसमोर मोठ्याने वाचणारा बाप किंवा मास्तर अद्याप विरळाच. पुडी फाटते, डबी भरते, आणि उरलेला कागद केरात जातो.