शहर वाढतं कसं आणि माणूस तिकडे जातो का?



"साहेब, पोरगं मुंबईला जायचं म्हणतंय, काय करू?" खत-बियाण्याइतकाच हा प्रश्न मला गावोगावी विचारला जातो. सिनेमानं पोरं बिघडली असं म्हणून काहीजण मोकळे होतात. मला ते पटत नाही. पोरगं त्याच्या परीनं हिशेब करत असतं. तो हिशेब आपणही समजून घेऊ.

मुंबईचाच दाखला घ्या. ती वाढली तुमच्या-आमच्या कापसावर. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८६३ मध्ये ती बोरघाट चढली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला, मोठमोठे व्यापारी बुडाले. पण रेल्वे, बंदर, पेढ्या जागेवरच राहिल्या.

कावसजी दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढं परळ-लालबागकडे गिरणीला गिरणी लागून उभी राहिली. एकमेकींना खेटून का? तुमच्या बैलबाजाराचं बघा. जिथं गिऱ्हाईक जास्त तिथं बैल येतात, आणि जिथं बैल जास्त तिथंच गिऱ्हाईक जातं. शेजारच्या गावात बाजार रिकामा, आणि या गावात पाय ठेवायला जागा नाही. गिरण्यांचं तेच झालं. सुटे भाग, मिस्त्री, कापसाचे दलाल, शिकलेला कामगार सगळं हाताशी. कामगारालाही सोय. एका गिरणीनं काढलं तर रस्ता ओलांडून दुसरीच्या दारात उभं राहता येई.

रत्नागिरी-साताऱ्याची माणसं गेली ती ओळखीनं. गावातला एक आधी जाई, जॉबरला सांगून भाच्या-पुतण्याला बदलीवर लावी. राहायला गावकऱ्यांची खोली, जेवायला गावच्याच बाईची खानावळ. मनीऑर्डर गावी. एकदा पायवाट पडली की गाव त्याच वाटेनं जातं.

आता पोराचा हिशेब. समजा, गावात महिन्याला सहा हजार सुटतात आणि शहरात पगार पंधरा हजार. पण तिकडे गेलेल्या दहांपैकी पाचांनाच काम लागतं. म्हणजे मनात धरायचा आकडा पंधरा नव्हे, साडेसात हजार. हॅरिस आणि तोडारो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० साली हेच मांडलं. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. शहरात नवं काम निघालं की आशेनं आणखी माणसं येतात, आणि बेकारी कमी व्हायच्या ऐवजी कधी कधी वाढते. त्यात खोलीचं भाडं धरा. शहर वाढतं तशी जागा महागते आणि पगारातला मोठा वाटा घरमालकाकडे जातो. पोरगं पगार सांगतं, भाडं सांगत नाही.

आणि काम कायमचं असतं असंही नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर पडली. कित्येकांना परत कधी गिरणी दिसली नाही. गावी तुकडाभर जमीन होती ते निदान भाकरीला तरी परतले. जमीन विकून गेले होते त्यांचे हाल कुणी विचारू नयेत. गिरण्यांच्या जागी आता टॉवर उभे आहेत. मुंबई मात्र आटली नाही, दुसरे धंदे आले. शहर टिकतं, त्यातला माणूस टिकेलच असं नसतं.

म्हणून पोराला अडवू नका, असंच मी सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली शंभरातली पंचेचाळीस माणसं शहरात होती, तेव्हा अडवून अडणारं हे नाही. पण जाण्याआधी वायरमन, फिटर, ड्रायव्हर असं एखादं काम त्याच्या हाती असू द्या, म्हणजे दहांतल्या पाचांत त्याचा नंबर लागेल. सहा महिन्यांची खर्ची घरातून बाजूला काढा, सावकाराकडून नको. तिकडे आधी गेलेल्या दोघा-तिघांना खरं भाडं विचारा. आणि खोलीच्या डिपॉझिटसाठी रान विकायचं कुणी म्हणालं, तर सातबारा ट्रंकेत ठेवून किल्ली घरच्या लक्ष्मीकडे द्या.