‘सरकारमान्य’ बोर्ड लावताय? आधी मान्यता नक्की कशाला आहे ते बघा



मागच्या महिन्यात वर्कशॉप संपल्यावर एक मुलगा थांबला. हडपसरला त्याचं मोबाइल रिचार्ज आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. म्हणाला, "सर, एका युनिव्हर्सिटीच्या डिस्टन्स अ‍ॅडमिशनची फ्रँचायझी मिळतेय. भांडवल शून्य. प्रत्येक अ‍ॅडमिशनमागे कमिशन. फक्त बाहेर बोर्ड लावायचा. घेऊ का?"

मी आधी त्याला चहा पाजला. कारण हीच ऑफर मला काही वर्षांपूर्वी आली होती आणि मी ‘हो’ म्हणालो होतो.

माझं काय झालं, ते आधी ऐका

धनकवडीत माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. विद्यार्थ्यांची ये-जा भरपूर. एक टापटीप माणूस आला, त्याने रंगीत माहितीपत्रक काढलं, त्यावर विद्यापीठाचं नाव, शिक्का, ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असं ठळक अक्षरात. मी बीबीए केलेला माणूस, पण तेव्हा मी काय केलं? गूगलवर विद्यापीठाचं नाव टाकलं. विद्यापीठ खरंच होतं. इमारत होती, कायद्याने स्थापन झालेलं होतं. बास, मी बोर्ड लावला.

चार अ‍ॅडमिशन झाल्या. त्यातली एक आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकूंच्या मुलाची. तो चाकणला कंपनीत होता, पदवी असती तर सुपरवायझर झाला असता. काकू म्हणाल्या, "तू सांगतोस ना दादा, मग झालं." त्यांनी माहितीपत्रक उघडूनसुद्धा बघितलं नाही.

तीन वर्षांनी मुलगा पदवी घेऊन कंपनीत गेला. कागदपत्रांची पडताळणी झाली आणि उत्तर आलं: विद्यापीठ खरं आहे, पण ज्या वर्षी याने प्रवेश घेतला त्या वर्षी हा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी त्यांच्याकडे नव्हती. बढती अडकली. तो टापटीप माणूस फोन उचलेना. काकू दुकानात आल्या, भांडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे रे, पोराची तीन वर्षं गेली."

फी मी खिशातून परत केली. चौघांचीही. पण त्यानंतर सहा महिने काकू झेरॉक्सला समोरच्या दुकानात जायच्या. हा हिशेब कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

मान्यता एक नसते, तीन असतात

माझी चूक इथे झाली. मी ‘मान्यता’ हा एकच शब्द समजत होतो. खरं तर त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली: विद्यापीठ खरं आहे का? पदवी देण्याचा अधिकार फक्त संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेला असतो. यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करते. ती पाच मिनिटांत बघून होते.

दुसरी: हा अभ्यासक्रम, याच वर्षी, दूरस्थ पद्धतीने चालवायची परवानगी आहे का? ही परवानगी यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग देतो. २०१३ च्या आधी हे काम इग्नूच्या अखत्यारीतली परिषद करायची. लक्षात ठेवा, ही परवानगी अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. गेल्या वर्षी होती म्हणजे यंदा असेलच असं नाही.

तिसरी: दर्जा काय? हे नॅक बघते. नॅक १९९४ साली सुरू झाली, मुख्यालय बंगळुरूला. ती संस्थेला श्रेणी देते. पण ‘ए’ श्रेणी आहे म्हणजे तुमचा बीकॉमचा दूरस्थ अभ्यासक्रम आपोआप मान्य, असं होत नाही. २०२० च्या यूजीसी नियमांत दोन्हींचा संबंध जोडला आहे: नेहमीच्या विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम चालवायचा असेल तर नॅकचे ४ पैकी किमान ३.०१ गुण हवेत, किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या १०० मध्ये नाव हवं.

दुकानदाराच्या भाषेत सांगतो. दुकानाचं लायसन्स वेगळं, मालाच्या पाकिटावरचा एफएसएसएआय नंबर वेगळा, आणि गिऱ्हाइकाला चव आवडली की नाही ते वेगळं. लायसन्स भिंतीवर आहे म्हणून आतलं लोणचं चांगलंच, असं कोणी म्हणत नाही.

नाव कसं कमावलं जातं

आपल्या राज्याचंच उदाहरण घ्या. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्याने नाशिकला स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ते आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे इग्नूचेही झाले. त्या काळात ‘बाहेरून परीक्षा दिली’ म्हटलं की लोक नाक मुरडायचे. मुक्त विद्यापीठाने काय केलं? कायद्याचा आधार घेतला, गावोगावच्या चालू कॉलेजांत अभ्यासकेंद्रं दिली, मराठीत स्वतःची पुस्तकं काढली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्यांचं ब्रीद. आज नोकरी करून पदवी घेतलेला एकतरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच.

पुण्यात सिम्बायोसिसचं दूरशिक्षण केंद्र २००१ पासून आहे. त्याची ओळख पदव्युत्तर पदविकांसाठी. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: पदविका आणि पदवी या वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीतल्या माणसाला कौशल्यासाठी पदविका पुरते, पण पुढे पीएचडीला किंवा सरकारी भरतीला जायचं असेल तर तिथे काय चालतं ते आधी विचारावं. काउंटरवर बसलेला माणूस "एमबीएसारखंच आहे" म्हणाला, तर त्या ‘सारखंच’ शब्दापाशी थांबा.

सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने स्पष्ट सांगितलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. म्हणजे कमीपणा दूरस्थ असण्यात नाही. कमीपणा मान्यता नसण्यात आहे.

नाव कसं जातं

३ नोव्हेंबर २०१७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल माहीत असू द्या. चार अभिमत विद्यापीठांनी गरज होती ती मंजुरी न घेता अभियांत्रिकीच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने दिल्या होत्या. २००१ ते २००५ च्या तुकड्यांच्या पदव्या कोर्टाने स्थगित केल्या आणि पुन्हा परीक्षा द्यायची संधी दिली. त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदव्या रद्द झाल्या. विद्यापीठं बनावट नव्हती, हे विसरू नका. त्या पदवीवर नोकरीला लागून माणसांची दहा-बारा वर्षं झाली होती. कोर्टाने फी परत करायला सांगितली. वर्षं कोण परत करणार? काकूंचंच वाक्य.

आणि श्रेणीवरही डोळे झाकून विसंबू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या एका तपासणी समितीतल्या लोकांना अटक केली. म्हणजे श्रेणी बघायचीच, पण शिकून बाहेर पडलेल्या दोन माणसांशी बोलायचंही.

मग धंदा करायचा की नाही?

फ्रँचायझी म्हणून नाही. स्पष्ट सांगतो. २०२० च्या नियमांनुसार दूरस्थ अभ्यासक्रम फ्रँचायझी पद्धतीने चालवता येत नाहीत. जो तुम्हाला ‘फ्रँचायझी’ देतोय, तो पहिल्याच शब्दात नियम मोडतोय.

फॉर्म भरून देण्याची सेवा मात्र प्रामाणिक धंदा आहे. तिचे माझे नियम असे:

१. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र, तिन्ही गिऱ्हाइकासमोर बघायचं. त्याची प्रिंट काढून त्याच्या हातात द्यायची.
२. फी विद्यार्थ्याने थेट विद्यापीठाला भरायची. आपल्या खात्यात एक रुपया नाही. आपण घ्यायचे फक्त सेवेचे पैसे, पावतीसह.
३. विद्यार्थ्याचा डीईबी आयडी त्याच्याच मोबाइल नंबरवर काढायचा. २०२४ पासून तो सक्तीचा आहे.
४. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा असं काही ‘घरबसल्या पदवी’ म्हणून कोणी विकत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवायचं. हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायला बंदी आहे.

आणि तुमच्यापैकी जे स्वतःचे क्लास काढताय, बेकरीचे, मेहंदीचे, टॅलीचे, त्यांच्यासाठी: उद्यम नोंदणी म्हणजे तुमचा उद्योग नोंदलेला आहे, एवढंच. आयएसओ ९००१ म्हणजे तुमची कामाची पद्धत ठरलेली आहे, एवढंच. यातलं काहीही तुमच्या कोर्सला ‘सरकारमान्य’ करत नाही. मी माझ्या प्रमाणपत्रावर लिहितो: ‘हे कार्यशाळेला उपस्थित राहिल्याचे प्रमाणपत्र आहे.’ सुरुवातीला वाटलं, लोक येणार नाहीत. लोक येतात. खोटं सांगत नाही म्हणूनच काही जण येतात.

हडपसरच्या त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "बोर्डावर नाव त्यांचं असेल, पण गिऱ्हाईक दार तुझंच वाजवणार." त्याने त्याच रात्री तीनही गोष्टी तपासल्या आणि मेसेज केला: "सर, विद्यापीठ आहे. या सत्राची परवानगी दिसत नाही. नको म्हणून सांगितलं."

काकू आता परत येतात दुकानात. मुलाने दुसरीकडे नव्याने प्रवेश घेतला, शेवटचं वर्ष आहे. या वेळी फॉर्म भरताना काकूंनी स्वतः चष्मा लावून प्रिंट वाचली. मी बोट ठेवून दाखवत होतो: हे विद्यापीठ, हा अभ्यासक्रम, हे वर्ष. वाचून झाल्यावरच त्यांनी पर्समधून पैसे काढले.