आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली का?

मालवणात विकास आराखड्याचा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे, की नगरपरिषद लोकांच्या माडबागा आणि परडी बळकावणार. दुसरे असे, की आराखडे कागदावरच राहतात, त्यांची धास्ती कशाला? मते उलटी असली तरी परिणाम एकच होतो: नकाशा पाहायला कोणी जात नाही. प्रत्यक्षात १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालचा हा आराखडा पुढची वीस वर्षे नागरिकाला जेवढा बांधतो, तेवढाच नगरपरिषदेलाही बांधतो. त्यामुळे त्याविषयीचे गैरसमज महागात पडतात.

गैरसमज : आरक्षण पडले म्हणजे जमीन गेली.

नकाशावर बागेचा किंवा वाहनतळाचा रंग आला म्हणून सातबारावरचे नाव बदलत नाही. जमीन घ्यायची तर कलम १२६ प्रमाणे वाटाघाटीने, चटईक्षेत्र किंवा टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) देऊन, नाही तर भूसंपादनाचा मोबदला मोजूनच घ्यावी लागते. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत हे घडले नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. यावर कोणी म्हणेल, दहा वर्षे जमीन अडकून पडते त्याचे काय? ही तक्रार खरी आहे. आरक्षण असेपर्यंत त्या जागेवर आराखड्याशी विसंगत बांधकामाला परवानगी मिळत नाही. शिवाय बैठ्या घरांच्या छोट्या शहरात टीडीआरला गिऱ्हाईक मिळणे अवघड. म्हणून नगरपरिषदेला पैसे मोजता येतील तेवढीच आरक्षणे टाकावीत, हा आग्रह रास्त आहे. मात्र तो आराखडा प्रारूप असतानाच धरायला हवा. कोकणातली आणखी एक अडचण म्हणजे सामाईक सातबारा. कलम १२७ च्या नोटिशीला मालकीची कागदपत्रे जोडावी लागतात, आणि वारस नोंदी राहिल्या असतील तर हक्क असूनही तो बजावता येत नाही.

गैरसमज : सीआरझेडमुळे आराखडा असून नसल्यासारखाच.

सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, हा केंद्राचा नियम आहे. नगरपरिषद तो सैल करू शकत नाही, हे खरे. पण किनाऱ्यालगतच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात सरसकट बंदी आहे, हे खरे नव्हे. शहराच्या हद्दीत किनाऱ्यालगत आधीच दाट वस्ती झालेला भाग सीआरझेड-दोनमध्ये येतो, आणि तिथे पूर्वीच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूस परवानगी मिळू शकते. म्हणजे समुद्र आणि घर यांच्यामध्ये जुना रस्ता आहे की नाही, यावर बरेच ठरते. वहिवाटीचा रस्ता विद्यमान जमीन वापराच्या नकाशात नीट नोंदला गेला आहे का, हे म्हणूनच मच्छीमार वाड्यांनी तपासायला हवे.

गैरसमज : लोकसंख्या वाढत नाही, मग नियोजन कशाला?

२००१ मध्ये शहराची लोकसंख्या १८,६७५ होती, २०११ मध्ये १८,६४८. त्याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. तरीही शहरावरचा भार हलका झाला असे म्हणता येत नाही, कारण जनगणना कायम राहणाऱ्यांना मोजते. मे महिन्यात येणारे चाकरमानी आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून वाढत गेलेले पर्यटक त्या आकड्यात बसत नाहीत. पाणी आणि सांडपाण्याची सोय मात्र त्यांनाही लागते. नळाचे पाणी शहराच्या हद्दीबाहेरून, १५३० मध्ये बांधलेल्या धामापूर तलावातून येते. सांडपाणी जांभ्यातून पाझरून विहिरीत उतरू शकते. मालवणच्या घरबांधणीची मर्यादा म्हणून माणसांच्या संख्येपेक्षा पाणी, व्हाळ (ओढे) आणि मैल्याची सोय यांनी ठरते. व्हाळ बुजवून मिळालेल्या प्लॉटची किंमत पावसाळ्यात खालची वाडी मोजते.

गैरसमज : सगळे आधीच ठरलेले असते, हरकत देऊन उपयोग नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्यावर नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत नगरपरिषदेबाहेरचे जाणकारही असतात. अंतिम मंजुरी राज्य शासनाची असते. प्रत्येक हरकत मान्य होईल असे नाही. पण न दिलेली हरकत मान्य होण्याचा प्रश्नच येत नाही, आणि मंजुरीनंतर बदल करून घेणे फार जड जाते. “आमचा रस्ता नको” एवढे लिहून भागत नाही. सर्व्हे नंबर, विहीर, घराचा परवाना, व्हाळाची दिशा आणि पर्यायी जागा दाखवली, तर समितीला विचार करावा लागतो. मुंबईतल्या सहहिस्सेदारांनी गावच्या फोनची वाट पाहू नये. नोटीस राजपत्रात आणि वृत्तपत्रांत येते, त्यामुळे ३० दिवस कोणासाठी थांबत नाहीत.

आराखडा चांगला की वाईट, हे या ३० दिवसांत ठरते. म्हणून प्रारूप प्रसिद्ध झाले की नगरपरिषदेत जा, आपली जमीन आणि शेजारचा व्हाळ दोन्ही नकाशावर शोधा, हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.